विजेची उघडझाप

मुंबईची बारा डब्यांची लोकल उतारूंसकट पाचशे टनांची धरली (सायंकाळच्या गर्दीत ती याहून पुष्कळच जड असते, हा भाग वेगळा) आणि ती ताशी 72 किलोमीटर वेगाने धावते आहे असे मानले, तर तिच्या अंगी त्या क्षणी साठलेली गतिज ऊर्जा, शाळेत शिकलेल्या सूत्रानेच, सुमारे 28 युनिटांइतकी भरते. लहानशा बिऱ्हाडाला महिन्याकाठी शंभर-सव्वाशे युनिट वीज पुरते हे ध्यानात घेतले, म्हणजे असा वेग चारदा घेऊन चारदा मोडणाऱ्या गाडीने एका कुटुंबाची महिन्याची वीज ब्रेकच्या ठोकळ्यांवर घासून हवेत दवडली, असा हिशेब निघतो. आणि मुंबईची लोकल तर पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत दुसरे काही करतच नाही, वेग घेते आणि मोडते. ही उधळपट्टी कोणाच्या हलगर्जीपणामुळे होत होती असे नव्हे. विजेवर चालणाऱ्या यंत्राचा वेग हवा तसा कमीजास्त करण्याची निर्दोष रीत माणसाच्या हाती नव्हती, म्हणून ती होत होती. आणि ती रीत हाती आली त्याला अद्याप दोन पिढ्याही झालेल्या नाहीत.

3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी सुटली, तेव्हा डोक्यावरच्या तारेत 1500 व्होल्ट दाबाची एकदिश, म्हणजे डी.सी., वीज होती, आणि डब्याखाली डी.सी. मोटरी होत्या. ही निवड त्या काळच्या ज्ञानानुसार शहाणपणाचीच होती, कारण डी.सी. मोटर थांबलेल्या अवस्थेतून उठताना भरपूर जोर देते, आणि रेल्वेला नेमका तोच जोर हवा असतो. अडचण अशी की उभ्या असलेल्या मोटरीला पुरा दाब एकदम दिला तर तिच्यातून प्रवाहाचा लोंढा वाहतो आणि ती जळते; म्हणून मोटरीच्या आधी लोखंडी रोधांची रांग बसवून, जास्तीचा दाब त्या रोधांत जिरवून, मोटरमनने हँडलचा एकेक नॉच पुढे सरकवला की एकेक रोध गाळला जाईल अशी तजवीज केलेली असे. केवळ रोधांच्या बळावर गाडी उचलायची म्हटले, तर तारेतून घेतलेल्या विजेपैकी निम्मी उष्णता होऊन जाते. मोटरी आधी एकीमागे एक आणि मग समांतर जोडण्याच्या युक्तीने हा तोटा बराच घटत असला, तरी तो नाहीसा होत नसे. थोडक्यात, गाडी उठतानाही वीज जाळायची आणि थांबतानाही जाळायची, असा हा कारभार होता.

शिवाय त्या मोटरीचे स्वतःचे एक दुखणे होते. तिच्या फिरत्या भागावर तांब्याच्या अरुंद पट्ट्यांचे एक कडे असते, त्याला कम्युटेटर म्हणतात. दोन पट्ट्यांच्या मधे अभ्रकाची पातळ चकती असते, आणि या फिरत्या कड्यावर स्प्रिंगने दाबलेले कार्बनचे ब्रश सतत घासत राहतात. घासले की झिजतात, झिजले की त्यांची काळी भुकटी मोटरीत साचते, पट्टी बदलताना ठिणगी उडते, आणि ठिणगीने तांब्याला खड्डे पडतात. म्हणून कारशेडमध्ये मोटर उघडून हवेच्या झोताने भुकटी उडवणे, ब्रशची लांबी मोजणे, खडबडीत झालेले कडे लेथवर कातून गुळगुळीत करणे, आणि तांबे झिजल्यामुळे वर डोकावू लागलेले अभ्रक पुन्हा खाली खरवडणे, ही कामे बारमाही चालत. एकेका गाडीखाली अशा डझनभर मोटरी, आणि अशा शेकडो गाड्या, हे लक्षात घेतले म्हणजे या एका कड्याने किती माणसांना रोजगार पुरवला आणि किती गाड्यांना खोळंबा केला, याची कल्पना येईल.

या दुखण्यावरचे औषध मात्र एकोणिसाव्या शतकातच तयार होते, ही या इतिहासातील मौजेची गोष्ट आहे. इटलीतील तुरीन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना मांडली. टेस्लांना तिची एकस्वे 1888 साली मिळाली. आणि पुढच्याच वर्षी दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की या जर्मनीत काम करणाऱ्या रशियन अभियंत्याने तीन फेजच्या मोटरीला पिंजऱ्याचे रूप दिले. या इंडक्शन मोटरीच्या फिरत्या भागाला बाहेरून वीज द्यावीच लागत नाही. दोन टोकांना कड्यांनी जोडलेल्या दांड्यांचा एक पिंजरा, एवढाच तो भाग. ना ब्रश, ना कम्युटेटर, ना ठिणगी. बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांत प्रत्यावर्ती, म्हणजे ए.सी., वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र फिरू लागते आणि पिंजरा त्याच्यामागे ओढला जातो. बेअरिंगला वेळच्या वेळी वंगण दिले तर ही मोटर वर्षानुवर्षे इमानेइतबारे चालते. पिठाची गिरणी, विहिरीवरचा पंप, कापडगिरणीतील माग, सर्वत्र ती गेली ती याच गुणावर. परंतु तिचा हट्टही तेवढाच मोठा. विजेची वारंवारता ठरवील त्याच वेगाने, किंचित मागे राहून, ती फिरणार. सेकंदाला 50 आवर्तनांची वीज आणि चार ध्रुवांची मोटर असली तर मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या थोडे खाली, आणि त्यात फारशी सवलत नाही. वेग बदलायचा तर वारंवारताच बदलली पाहिजे, आणि वारंवारता तर वीजकेंद्रातल्या जनित्राने ठरवलेली. एका मोटरीसाठी वेगळे जनित्र फिरवण्याचे, आणि तेही वेग बदलेल तसे, कोणाला परवडणार? म्हणून रेल्वेने, लिफ्टने, खाणीतल्या पाळण्याने आणि कागदाच्या गिरणीने दीर्घकाळ डी.सी. मोटरीचीच मनधरणी केली.

प्रश्नाचे मूळ मोटरीत नव्हतेच, ते बटणात होते. विजेच्या मार्गातले बटण पूर्ण बंद असले तर त्याच्यावर दाब असतो, पण प्रवाह नसतो. पूर्ण उघडे असले तर प्रवाह असतो, पण त्याच्या दोन टोकांत दाब जवळजवळ नसतो. आणि वाया जाणारी शक्ती ही या दोहोंचा गुणाकार असल्यामुळे दोन्ही अवस्थांत ती नगण्यच भरते. जे काही जळते ते अर्धवट उघड्या अवस्थेत. जुन्या लोकलचे रोध म्हणजे या अर्धवट अवस्थेचेच मूर्त स्वरूप होते. तेव्हा विजेला आवरायचे तर तिला अडवून नव्हे, तर मार्ग पुरता उघडून आणि पुरता मिटून, आणि हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा करून, आवरले पाहिजे. शक्ती-इलेक्ट्रॉनिकी या विद्याशाखेचा सारा संसार या एका सूत्रावर उभा आहे, आणि तिच्या साठ-सत्तर वर्षांच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे अधिकाधिक चांगल्या बटणाचा शोध, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी पीटर कूपर ह्युइट यांनी पाऱ्याच्या वाफेचा दिष्टकारी (ए.सी.ची डी.सी. करणारे उपकरण) तयार केला, आणि काचेच्या किंवा पोलादाच्या भांड्यात निळसर प्रकाशाने थरथरणाऱ्या त्या उपकरणाने कित्येक दशके रेल्वेच्या उपकेंद्रांची सेवा केली; पण खरे सत्तांतर झाले ते 1957 साली, अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर हे सिलिकनचे उपकरण सिद्ध झाले तेव्हा. थायरिस्टरला इशाऱ्याचा लहानसा प्रवाह दिला की तो उघडतो. मात्र एकदा उघडला की इशाऱ्याने मिटत नाही, मुख्य प्रवाह आपण होऊन शून्यावर येईपर्यंत तो कोणाचा हुकूम मानीत नाही. आपल्या घरगुती ए.सी. विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून तेथे त्याचे ठीक चालते. चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर धावणारी, 500 किलोव्होल्ट दाबाची आणि 1500 मेगावॉट वाहून नेणारी डी.सी. वाहिनी 1999 पासून याच थायरिस्टरांच्या जोरावर चालू आहे. विदर्भातला कोळसा तेथेच जाळायचा आणि वीज तेवढी मुंबईच्या वेशीपर्यंत आणायची, हा तिचा हेतू. परंतु डी.सी.पासून हव्या त्या वारंवारतेची ए.सी. घडवायची म्हटली की हे न मिटणारे बटण डोईजड होते. त्याला जबरदस्तीने मिटवणारी जोडयंत्रणा बसवावी लागे, आणि ती कधीकधी मूळ यंत्रणेहून अवजड होई. पुढे इशाऱ्यानेच मिटणारा थायरिस्टर आला. पण तो मिटवायला मुख्य प्रवाहाच्या पाचवा-चौथा हिस्सा एवढा उलटा प्रवाह मोजावा लागे.

ही कोंडी फोडणाऱ्या आय.जी.बी.टी. या उपकरणाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते बी. जयंत बालिगा हे मद्रासला जन्मलेले, बंगळुरूजवळच्या जालहळ्ळीत वाढलेले आणि 1969 साली मद्रासच्या आय.आय.टी.तून पदवी घेऊन अमेरिकेस गेलेले गृहस्थ. संशोधनाचे श्रेय क्वचितच एकट्याचे असते, आणि याही उपकरणाच्या बाबतीत आर.सी.ए. कंपनीतील बेके व व्हीटली यांचे एकस्व त्याच सुमाराचे आहे, तर ते उपकरण मध्येच अडकून बसण्याचा दोष काढून टाकण्यात जपानमधील तोशिबाच्या नाकागावांचा वाटा मोठा आहे. तथापि जनरल इलेक्ट्रिकमध्ये 1980 च्या सुमारास आय.जी.बी.टी. प्रत्यक्ष बाजारात विकण्याजोगा करून दाखवण्याचे काम बालिगांचे, आणि 2024 साली फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला तो याच कामगिरीसाठी. ज्या देशात क्रिकेटपटूच्या कोपराच्या दुखापतीची बातमी पहिल्या पानावर येते, त्या देशात या पुरस्काराची वार्ता कोपऱ्यात गेली याचे नवल वाटायला नको.

रेल्वेत वापरला जाणारा आय.जी.बी.टी.चा ठोकळा हातात घेऊन पाहावा. 19 सेंटिमीटर लांब, 14 सेंटिमीटर रुंद. वर काळसर प्लॅस्टिक, त्यावर मोठाले स्क्रू, खाली धातूचा सपाट तळ. आत चिनीमातीच्या जातीच्या पातळ पाटीवर नखाएवढ्या सिलिकनच्या डझनावारी चकत्या, आणि प्रत्येकीला केसाहून जाड अशा ॲल्युमिनियमच्या तारांची जोडणी. एवढासा ठोकळा 3300 व्होल्ट सोसतो आणि 1200 अँपिअर वाहून नेतो. उघडायला-मिटायला त्याला काही मायक्रोसेकंद पुरतात, आणि इशारा म्हणून प्रवाह नव्हे तर केवळ पंधरा व्होल्टांचा दाब लागतो. पुरा प्रवाह वाहत असताना त्याच्या दोन टोकांत तीन-चार व्होल्टच उरतात, म्हणजे उष्णता होते ती चार किलोवॉटच्या आसपास. ती तळाकडून ओढून घ्यायला पंखा किंवा पाणी लागते. हाच ठोकळा 1500 व्होल्ट अंगावर घेऊन अर्धवट उघडा राहिला, तर त्याच्यात अठराशे किलोवॉट जळतील, आणि त्याचे काय होईल ते सांगायला नको.

अशा उघडझापीतून सुरळीत गती कशी निघते, ही शंका स्वाभाविक आहे. कुंभार चाकाला काठीने थांबून थांबून हिसडे देतो, पण चाकाच्या अंगच्या जडत्वामुळे मडके वळताना त्या हिसड्यांचा मागमूस लागत नाही. मोटरीच्या वेटोळ्यांतला प्रवाहही तसाच एकदम वाढत नाही आणि एकदम तुटतही नाही, त्यामुळे दाबाचे तुकडे कितीही तुटक असले तरी प्रवाह त्यांच्या सरासरीनेच वाहतो. तुकडे रुंद केले की सरासरी वाढते, अरुंद केले की घटते. आणि रुंदी लहरीप्रमाणे कमीजास्त करीत नेली की डी.सी.तून हव्या त्या वारंवारतेची लहर उमटते. इंडक्शन मोटरीचा जुना हट्ट येथे मोडला. वारंवारता आता वीजकेंद्राच्या नव्हे, गाडीच्या पोटातल्या इन्व्हर्टरच्या, म्हणजे ही लहर घडवणाऱ्या यंत्रणेच्या, ताब्यात आली. इतकेच नव्हे, तर धावत्या मोटरीच्या वेगाहून वारंवारता किंचित खाली उतरवली की तीच मोटर जनित्र होते आणि गाडीची गती वीज बनून तारेकडे परत जाऊ लागते.

तरीही एक न्यून राहिले होते. डी.सी. मोटरीत चुंबकत्व निर्माण करणारा प्रवाह आणि ताकद देणारा प्रवाह वेगवेगळे ठेवता येतात, त्यामुळे एकाला धक्का न लावता दुसरा बदलता येतो. इंडक्शन मोटरीत एकच प्रवाह दोन्ही कामे करतो, आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात. 1970 च्या आगेमागे जर्मनीत डार्मश्टाटचे कार्ल हासे आणि सीमेन्सचे फेलिक्स ब्लाश्के यांनी दाखवले की, मोटरीबाहेर उभे राहून न पाहता फिरत्या क्षेत्रावर बसून पाहिल्याप्रमाणे गणित मांडले, तर तो मिश्र प्रवाह दोन काटकोनी भागांत स्वच्छ वेगळा होतो, आणि मग प्रत्येक भागाचा बंदोबस्त स्वतंत्रपणे करता येतो. माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत सुंदर कल्पना हीच. कारण तीत नवे द्रव्य नाही, नवे यंत्र नाही, केवळ पाहणाऱ्याने आपली जागा बदलली आहे. मात्र हे गणित सेकंदाला हजारो वेळा करावे लागते, आणि तेवढे चपळ व स्वस्त गणकयंत्र येईपर्यंत ती कल्पना बव्हंशी कागदावरच राहिली. आज कारखान्यातला रोबोचा हात बाटलीचे झाकण न चिरडता पिळतो, किंवा लिफ्ट मजल्याशी धक्का न देता टेकते, ती याच गणितावर.

मुंबईच्या लोकलमध्ये हे सर्व 2007 च्या अखेरीस अवतरले. पेरांबूरच्या कारखान्यात बांधलेल्या आणि सीमेन्सची विद्युत्सामग्री असलेल्या त्या गाड्या 1500 व्होल्ट डी.सी. आणि 25,000 व्होल्ट ए.सी. अशा दोन्ही तारांखाली धावू शकत. कारण त्याच सुमारास तारांतील वीज बदलण्याचे दीर्घ काम चालू होते. या बदलाचे कारण अगदी व्यवहारी होते. 3000 किलोवॉट घेणाऱ्या गाडीला 1500 व्होल्टांनी 2000 अँपिअर लागतात, 25,000 व्होल्टांनी 120 पुरतात. त्यामुळे तारा हलक्या होतात आणि उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. पण उच्च दाबाची तार पुलापासून अधिक अंतर मागते, आणि ब्रिटिश अमदानीतले पूल उंच होईनात, म्हणून कित्येक ठिकाणी रूळच खाली घ्यावे लागले; तेही लोकल बंद न ठेवता, रात्रीच्या दोन-तीन तासांच्या मुदतीत. पश्चिम रेल्वेवर हे काम फेब्रुवारी 2012 मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर जून 2015 मध्ये, आणि हार्बरवर एप्रिल 2016 मध्ये पुरे झाले. ज्या मार्गावर 1925 साली डी.सी. विजेचा अंमल सुरू झाला, त्याच मार्गावर तो संपला. गाडी थांबताना परत येणारी वीज आता रोहित्रातून सरळ वरच्या तारेत जाते. जुन्या डी.सी. व्यवस्थेत दिष्टकारी एकाच दिशेने वीज सोडत असल्याने, परत आलेली वीज घ्यायला जवळपास दुसरी गाडी नसली तर तिला वाटच नसे. घाट उतरताना वीज परत तारेत घालण्याची सोय ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या जुन्या मालगाडी-इंजिनांतही होती, हे मात्र सांगितले पाहिजे. कल्पना नवी नाही, तिची सार्वत्रिक सवय नवी आहे.

नव्या गाडीच्या उठण्याबरोबर जो चढत जाणारा सूर ऐकू येतो, तो या उघडझापीचाच. मोटरीचे पोलाद तिच्या तालावर कंप पावते. जपानमधील केइक्यू रेल्वेच्या काही गाड्यांत तर अभियंत्यांनी मुद्दाम वारंवारतेचे टप्पे असे बांधले होते की गाडी सुटताना स्वरसप्तकच म्हटल्यासारखे वाटे. आमच्याकडे अशी रसिकता निविदेच्या कलमांत बसणे कठीण.

रेल्वे डोळ्यांत भरते, पण खरी बचत पाण्याच्या आणि हवेच्या वाहतुकीत आहे. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून वेग 80 टक्क्यांवर आणला तर पाणी 80 टक्के मिळते, पण वीज 51 टक्केच लागते. साऱ्या जगात मात्र पिढ्यानपिढ्या रीत अशी, की मोटर पूर्ण वेगाने चालू ठेवायची आणि व्हॉल्व्ह फिरवून पाणी अडवायचे. उंच टाकीपर्यंत पाणी चढवायचे असेल तर हा घनाचा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, आणि विक्रेते ही गोष्ट सांगायला सहसा विसरतात; तरीसुद्धा मिळणारी बचत काही थोडी नसते.

या नव्या कारभाराचे उपद्रवही आहेत. दाबाच्या तीक्ष्ण तुकड्यांमुळे मोटरीच्या दांड्यावर चोरटा दाब चढतो, तो बेअरिंगमधून वाट काढतो, आणि काही महिन्यांत बेअरिंगच्या गुळगुळीत कड्यावर समांतर बारीक खाचा उमटून मोटर घरघरू लागते. फिटर वंगणाला दोष देतो, आणि रोग इन्व्हर्टरमध्ये असतो. दुसरी गोष्ट अशी की ज्या फिटरला मोटरीला कान लावून दुखणे ओळखता येई, त्याची विद्या येथे अपुरी पडते. आय.जी.बी.टी.चा ठोकळा बिघडला तर उघडून दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आणि तो बहुतांशी परदेशातून येतो.

आता सिलिकनचीही मक्तेदारी ढळू लागली आहे. 1891 साली एडवर्ड ॲचिसन यांनी भट्टीत तयार केलेले सिलिकन कार्बाइड आपल्या कारखान्यांत कार्बोरंडम म्हणून, धार लावण्याच्या चाकांतून, शंभर वर्षे परिचित आहे. त्याच द्रव्याचे निर्दोष स्फटिक सिलिकनच्या सुमारे दहापट तीव्रतेचे विद्युत्क्षेत्र सोसतात, म्हणून त्याची चकती कितीतरी पातळ करता येते, आणि प्रत्येक उघडझापीमागे होणारे नुकसान बरेच कमी होते. टोकियोच्या भुयारी व उपनगरी गाड्यांत आणि विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारगाड्यांत ते आले आहे. निर्दोष स्फटिक वाढवायला लागणारा वेळ व उष्णता यांमुळे ते अजून महाग आहे, एवढेच.

मोटरीचीही उलथापालथ चालू आहे. विजेच्या दुचाकी व मोटारगाड्या बहुधा निओडिमियमच्या स्थायी चुंबकांची मोटर वापरतात, कारण ती लहान जागेत भरपूर ताकद देते. पण 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने अशा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि त्याची झळ इथल्या दुचाकींच्या कारखान्यांपर्यंत पोचली. तेव्हापासून अभियंत्यांचे लक्ष चुंबकाशिवाय चालणाऱ्या मोटरींकडे नव्या निकडीने वळले आहे. त्यांतील रिलक्टन्स मोटर, म्हणजे वेटोळ्यांच्या चुंबकत्वाने नुसते लोखंड ओढून फिरणारी मोटर, ही तर सर्वांत जुनी. ॲबरडीनच्या रॉबर्ट डेव्हिडसन यांनी 1842 साली एडिंबरो–ग्लासगो मार्गावर जे विजेचे इंजिन हलवून दाखवले, ते याच तत्त्वावर होते. वेटोळ्यांत प्रवाह नेमक्या क्षणी सोडणे आणि तोडणे तेव्हा यांत्रिक बटणांवर सोपवलेले होते, आणि म्हणून ती मोटर मागे पडली. आता नव्या बटणांमुळे ती वेळ अचूक साधते. राहिले आहे ते तिचे गुरगुरणे आणि ताकदीतले हेलकावे, आणि ते प्रवाहाच्या लहरीचा आकार बदलून घालवण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत.